दोरीवर वाळणारे हात

आमच्या नर्सिंग कॉलेजात त्यांना नावाने कुणी ओळखत नसे. पहिल्या वर्षाच्या मुलींपासून कँटीनच्या महाराजापर्यंत सगळे त्यांना पछीबेन म्हणत. गुजरातीत पछी म्हणजे नंतर, पुढे. समोरच्याने काहीही टाकलं, सांडलं, फाडलं की बाई एवढंच विचारायच्या, "पछी?" आणि उत्तर मिळेपर्यंत हलायच्या नाहीत.

मी त्यांच्या तावडीत सापडले ती पहिल्याच आठवड्यात. कतारगामकडच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात आमची वॉर्डातली पहिली सकाळ होती. मी सिरिंजवरचा कागद फाडला आणि समोर जी बादली दिसली तिच्यात टाकून मोकळी झाले. बादली पिवळी होती.

"पछी?" मागून आवाज आला.

"काय, मॅडम?"

मी मराठी बोलले तशा त्याही मराठीवर आल्या. मूळच्या साताऱ्याकडच्या, पण सुरतेत उभा जन्म गेलेला. "पुढं काय होणार त्या कागदाचं?"

"मावशी पिशवी घेऊन जाईल."

"पुढं?"

"गाडी येईल."

"पुढं?"

"भट्टीत जाळतील."

"पुढं?"

"धूर होईल," मी म्हटलं.

"कोरा करकरीत कागद. रक्त नाही, पू नाही. रद्दीवाल्यानं हसत नेला असता. त्याला तू भट्टीत घातलास. राहतेस कुठं?"

"लिंबायतला. वडील डाइंग मिलमध्ये आहेत."

"म्हणजे धूर तुमच्याकडं काही कमी नाही. त्यात तुझी भर." मी घाईने बादलीत हात घालायला वाकले, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "अं हं. एकदा पडलं की पडलं, त्यात हात घालायचा नाही. म्हणून तर टाकायच्या आधी विचार करायचा." मला इतका राग आला होता की दुपारचा डबा मी खाल्लाच नाही. एका कागदाच्या चिटोऱ्यासाठी बापाचा उद्धार कशाला, असं मी मैत्रिणीला दिवसभर ऐकवत होते.

दिसायला बाई उंच, काटकुळ्या. सुती साडी, वर पांढरा कोट आणि खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत एक स्टीलचा पेला, एक स्टीलची ताटली आणि एक ताणकाटा. ताणकाटा म्हणजे आकड्याला वजन अडकवून उभा धरायचा, तो. पेला आणि ताटली एक वेळ समजू शकते, पण ताणकाटा कशाला, ते बाजारात कळायचं. त्यांना भाजी घेताना मी पाहिलंय. भाजीवाले त्यांच्या पिशवीकडे बघूनच दोन वांगी जास्त टाकायचे.

कागद म्हणून त्या फक्त ग्लोव्हजचे आणि औषधांचे रिकामे खोके वापरत. खोक्याची पाठ पांढरी असते, तिच्यावर आमचे मार्क, रजा, सूचना, सगळं. नोटीस बोर्डावर इतरांचे छापील कागद आणि मध्येच यांचा पुठ्ठा. त्यामुळे आमच्या वर्गाचा निकाल उलटून बघितला की मागे "मीडियम साईज, शंभर नग" असं लिहिलेलं असायचं.

रुग्णसेवा करताना पर्यावरण कसं सांभाळायचं, हा त्यांचा विषय. अभ्यासक्रमात तो उगीच तोंडी लावण्यापुरता होता. कॉलेजने त्याला शनिवारचा शेवटचा तास दिला होता, म्हणजे पोरींचं अर्धं लक्ष घड्याळाकडे. पण बाईंनी त्या एका तासाचे आठवड्याचे सात दिवस करून टाकले. चादर मळली म्हणून बदल, मंगळवार आहे म्हणून बदलू नको. नळ हाताने नाही, कोपराने बंद कर, पण बंद कर. रिकाम्या खाटेवरचा पंखा चालू दिसला की राउंडवर आलेला मोठा डॉक्टर बोलत असला तरी बाई मधूनच जाऊन बटण दाबून येत.

एकदा तर त्यांनी प्रत्येकीला एक कापडी पिशवी दिली. आठवडाभर आपण वॉर्डात जे जे कोरं वेष्टन फोडू, म्हणजे कागद, प्लास्टिक, पुठ्ठा, ते त्या पिशवीत ठेवायचं आणि पिशवी जाईल तिथे बरोबर न्यायची. बसमध्येही. कंडक्टर म्हणाला, "बेन, भंगारनो धंधो चालू कर्यो के?" शनिवारी ताणकाटा निघाला. सगळ्यांत जड पिशवी माझी. "ही तुझी एकटीची आठवड्याची कमाई," बाई म्हणाल्या. वर्ग हसला, मीही हसले, पण त्यानंतर काही फोडायच्या आधी माझा हात आपोआप थबकायला लागला. आजही थबकतो.

त्यांची आणखी एक खोड होती. सकाळी वॉर्डात आल्या की त्या आमच्याशी हात मिळवायच्या, एकेकीशी. आम्हाला आधी वाटलं, फार मानाने वागवतात. मग कळलं, हात गार आणि ओलसर आहे का ते बघतात. गार असला तर धुतलेला. कोरडा, उबदार असला की म्हणायच्या, "जा, हात गार करून ये." उन्हाळ्यात सुरतेत टाकीचं पाणीच चहासारखं येतं, तेव्हा त्यांची ही युक्ती चालत नसे. मग त्या हाताचा वास घ्यायच्या.

आता ज्याच्यासाठी हे सगळं सांगतेय, त्या ग्लोव्हजकडे येते.

दुसऱ्या वर्षाला त्यांनी ग्लोव्हजवर तास घेतला. "जिथं रक्त, लघवी, थुंकी, जखम, तिथं ग्लोव्हज. तिथं हयगय केली तर मी तुम्हाला सोडणार नाही. पण नाडी बघायला, पाणी पाजायला, पाठीवरून हात फिरवायला देवानं हात दिलाय. तो धुवा आणि वापरा." मग वॉर्डात ग्लोव्हज कशाकशाला वापरले जातात ते सांगितलं. चहा वाटायला, फोन उचलायला, उशीचा अभ्रा घालायला. मला ते अगदी लागलं. माझ्या आईच्या घरात वाढलेल्या मुलीला ते लागणारच होतं.

माझी आई घरी साड्यांना खडे चिकटवते. आम्ही मूळचे अमळनेरकडचे. आईच्या राज्यात काहीही वाया जात नाही. दुधाची पिशवी कापली की ती धुवायची, दोरीवर चिमटा लावून वाळवायची आणि तिच्यात शेंगदाणे भरायचे. कधी मी नुसती टाकायला गेले की आतून हाक यायची, "कसाले फेकस व माय? धुई टाक, कामले येई." आमच्या गॅलरीत कपडे कमी आणि दुधाच्या पिशव्या जास्त वाळत असत.

तर मी काय केलं? दुपारी वॉर्ड शांत होता. लोकांनी चहा वाटून, अभ्रे घालून काढलेले ग्लोव्हज बादलीच्या झाकणावर आणि टेबलावर पडलेले होते. ज्यांना काही लागलेलं नाही असे मी निवडून घेतले, जंतुनाशकात बुडवले, साबणाने खळखळून धुतले आणि वॉर्डच्या मागच्या गॅलरीत दोरीवर चिमटे लावून वाळत घातले. सतरा. पाखरूबिखरू येऊ नये म्हणून शेजारी उभीसुद्धा राहिले. मला वाटत होतं, मॅडम येतील आणि माझी पाठ थोपटतील.

वारा सुटला. सतराच्या सतरा ग्लोव्हज फुगले आणि बोटं हलवायला लागले. आधी इन्चार्ज सिस्टर आल्या. वॉर्डाची सगळी सत्ता त्यांच्या हातात, आणि त्या हातात दिवसभर ग्लोव्हज. दारातच थांबल्या. "अरे! आ कोना हाथ छे?" त्यांच्या ओरडण्याने पेशंट गोळा झाले. इच्छापोरच्या कारखान्यात पाय मोडून घेतलेला एकजण कुबड्या टेकत आला आणि दोरीकडे बघून सगळ्यांना सांगू लागला, "जुओ, बद्धा आवजो करे छे!" आवजो म्हणजे निरोपाचं 'या परत'. हसून हसून त्याची कुबडी निसटली. मला मात्र तेव्हा धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

मग मॅडम आल्या. दोरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. हसल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "कात्री आण. आणि स्वतःच्या हातात नवे ग्लोव्हज घाल."

एकेक ग्लोव्ह काढून, पुन्हा कुणी वापरू नये म्हणून कापून, वापरलेल्या रबर-प्लास्टिकच्या लाल बादलीत टाकायचा. मी कापत होते, रडत होते.

"आईनं दुधाची पिशवी धुतली की पुढं तिच्यात काय जातं?"

"शेंगदाणे."

"ह्यात पुढं काय जाणार होतं?"

मी पुढचा ग्लोव्ह कापायला घेतला.

"माणसाचा हात. आणि तो हात दुसऱ्याच्या जखमेवर. हे एकदाच वापरायला केलेले असतात. धुतले की बारीक भोकं पडतात, दिसतसुद्धा नाहीत. शेंगदाण्याला भोकाचं काही नाही. पेशंटला आहे. तुलाही आहे."

"मग वाचवायचे कसे, मॅडम?"

"खोक्यातून निघायच्या आधी. निघाला की तो गेला, त्याच्यामागं धावायचं नाही." मग त्यांनी मोजले. "सतरा कसे? जोडीनं असतात ना?"

"एक फाटका होता. टाकला."

"कशात?"

"लाल बादलीत."

"चला, एवढं तरी आलं तुला," त्या म्हणाल्या.

पण प्रकरण तिथे मिटलं नाही. इन्चार्ज सिस्टरनी लेखी तक्रार केली. पेशंटच्या जिवाशी खेळ केला म्हणून मला त्या वर्षी प्रॅक्टिकलला बसू देऊ नये, असं ठरत होतं. म्हणजे वर्ष बुडणार. आणि वर्ष बुडालं तर घरी मला कुणी पुन्हा कॉलेजचं विचारणार नव्हतं. मामांनी अमळनेरचं स्थळ आणून ठेवलंच होतं, नुसती माझ्या नापास होण्याची खोटी होती. मला नर्स व्हायचं होतं. दुसरं काही होता येईल असं मला तेव्हा वाटतही नव्हतं.

प्रिन्सिपल सरांच्या केबिनबाहेर मी उभी होते आणि दार अर्धवट उघडं होतं.

"चूक तिची नाही," मॅडम म्हणत होत्या. "वाया घालवू नका एवढंच मी शिकवलं. काय वाचवायचं नाही ते शिकवलं नाही. अर्धं शिकवलं ते मी."

"मॅडम, पण जबाबदारी कोण घेणार?"

मॅडमनी पिशवीतून खोक्याचा एक पुठ्ठा काढला आणि त्यावर लिहायला लागल्या. सर म्हणाले, "अहो, कोरा कागद आहे इथे."

"हाही कोराच आहे, एका बाजूनं." मग त्यांनी लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवलं, "ही विद्यार्थिनी ग्लोव्हजच्या बाबतीत पुन्हा चुकली, तर मी त्या दिवशी नोकरी सोडीन." खाली सही केली. त्यांच्या निवृत्तीला दोनच वर्षं राहिली होती. सरांनी तो पुठ्ठा दोन बोटांनी धरून फाइलमध्ये ठेवला.

बाहेर आल्यावर मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर म्हणाल्या, "भूक लागलीये." आम्ही कोपऱ्यावर लोचो खायला गेलो. डाळीचा तो वाफाळता, लोळागोळा प्रकार दुकानदार कागदी डिशमध्ये देतो, पण यांची ताटली बघितल्यावर त्याने न विचारता तिच्यातच घातला. मी चमच्याने लोचो नुसता ढवळत बसले. त्या म्हणाल्या, "माझी काळजी करू नको. नोकरी सोडायला मला आवडेलच. फक्त तुझ्यामुळं नको."

परीक्षेच्या आधी सगळ्या पोरींनी मिळून ठरवलं, सगळीकडे ग्लोव्हज घालायचे. ग्लोव्हज घातले म्हणून आजवर कुणी नापास झालंय? माझी मैत्रीण तर हात जोडून म्हणाली, "पहेरी लेजे, गांडी. तारे तो खास." म्हणजे घालच गं वेडे, तू तर नक्कीच. तिचं बरोबर होतं. मीच ती ग्लोव्हज धुणारी. माझ्या उघड्या हातांकडे सगळ्यांची नजर असणार, आणि फाइलमध्ये तो पुठ्ठा. घातले असते तर कुणीही काही म्हटलं नसतं. मीही मनाशी ठरवलं, की घालायचे. एक दिवस शहाण्यासारखं वागायचं.

बाहेरच्या परीक्षक बडोद्याहून आल्या होत्या. गळ्यात साखळीला चष्मा आणि चेहऱ्यावरची माशी हलेल तर शपथ. मॅडम नियमाप्रमाणे लांब भिंतीशी उभ्या, बोलायची बंदी. इन्चार्ज सिस्टर रजिस्टर घेऊन माझ्या खाटेपाशी. माझ्या वाट्याला आली एक म्हातारी, आमच्याच खान्देशातली, तापाने फणफणलेली. आधी ताप, नाडी, रक्तदाब बघायचा होता.

मी खोक्याकडे हात नेला. म्हातारीने ते बघितलं आणि स्वतःचा हात हळूच चादरीखाली ओढून घेतला. "ते घालीसनच हात लावतस का व सगळ्या?" ती म्हणाली. "मना हात काय वाईट शे?"

माझा हात खोक्यावर होता. मॅडमकडे बघितलं, तर त्या एका रिकाम्या खाटेवर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत होत्या. मला पुठ्ठा आठवला, मामा आठवले, स्थळसुद्धा आठवलं. मी खोका जागच्या जागी सरकवला, बेसिनवर जाऊन हात धुतले, पुसले आणि म्हातारीचं मनगट धरलं.

"गार शे तुना हात," ती म्हणाली. "बरं वाटनं."

"ग्लव्ज क्यों नहीं पहने?" परीक्षकबाईंचा आवाज.

"मॅडम, नाडी देखनी है. खून नहीं, घाव नहीं. हाथ धोए हैं."

"और मैं इसके नंबर काट लूँ तो?"

मी म्हातारीचं मनगट सोडलं नाही. "काट लीजिए. पर मैं गलत नहीं हूँ."

परीक्षकबाईंनी काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, सलाईनची सुई काढून दाखव. तिथे रक्ताचा संबंध होता. मी पुन्हा हात धुतले, ग्लोव्हज घातले, सुई काढली, कापूस दाबून धरला. ज्याची त्याची जागा बघून सगळं टाकलं, ग्लोव्हज कापून लाल बादलीत, आणि परत हात धुतले. परीक्षकबाई सगळं बघत होत्या. नंतर त्यांनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि इन्चार्ज सिस्टरकडे वळल्या.

"सिस्टर, रजिस्टर में इन्फेक्शन है क्या? आपने क्यों पहने हैं?"

इन्चार्ज सिस्टरनी स्वतःच्या हातांकडे असं बघितलं, जणू ते आत्ताच कुणी लावून दिलेत. "आदत छे," त्या पुटपुटल्या. भिंतीशी उभ्या मॅडम शांतपणे बटणापाशी चालत गेल्या आणि त्यांनी तो पंखा बंद केला.

मी पास झाले. निकालाच्या दिवशी मॅडमनी प्रिन्सिपल सरांच्या फाइलमधून आपला पुठ्ठा परत मागून घेतला. त्याच्या खालच्या अंगाला अजून बरीच जागा होती. पुढच्या वर्षी मी नोकरीसाठी शिफारसपत्र मागितलं, तेव्हा त्यांनी तोच पुठ्ठा काढला आणि त्या जागेत लिहून दिलं. म्हणजे वर राजीनाम्याची धमकी आणि खाली माझी स्तुती. मुलाखतीला मी तो दाखवला, तेव्हा समोरच्या साहेबांनी दोनदा वाचला आणि झेरॉक्स काढून घेतली. मूळ पुठ्ठा माझ्याकडे आहे, देणार नाही कुणाला.

त्या निवृत्त झाल्या, तेव्हा स्टाफरूममधलं त्यांचं कपाट रिकामं करायला मी मुद्दाम गेले होते. खालच्या कप्प्यात वेफर्सची रिकामी पाकिटं होती. शेकड्यांनी. प्रत्येक पाकीट पुसून, घडी घालून, रबर लावून. बाईंना वेफर्स आवडतात हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. चोरून खायच्या. पहिल्यांदाच मी त्यांना लाजलेलं पाहिलं.

"ह्याचं पुढं काय, ते मला अजून सुचलेलं नाही," त्या म्हणाल्या. "सुचेपर्यंत ठेवलीयेत." आणि ती सगळी घरी घेऊन गेल्या.

गेल्या थंडीत त्या आमच्या हॉस्पिटलात गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आल्या. आता मी इथे इन्चार्ज आहे. ऑपरेशनच्या सकाळी मी दारात पोचले, तेव्हा त्या डोळे मिटून पडल्या होत्या. थोड्या घाबरल्या होत्या, पण कबूल करतील तर शपथ. मला पावलांच्या आवाजावरून ओळखून म्हणाल्या, "माझं हाड काढतील ते कशात टाकणार गं?"

"पिवळ्या पिशवीत, मॅडम."

"बरोबर."

तेवढ्यात आमची नवी मुलगी नाडी बघायला आली. हातात ग्लोव्हज. मॅडमनी डोळे किलकिले केले आणि आपला हात चादरीखाली घेतला. मी मुलीकडे नुसतं बघितलं. दोन आठवडे मी तिला हेच शिकवत होते. ती चपापली, ग्लोव्हज काढून लाल बादलीत टाकले, बेसिनवर गेली, हात धुऊन आली आणि तिने मॅडमचं मनगट धरलं.

मॅडमचे डोळे पुन्हा मिटले. "गार आहे," त्या म्हणाल्या.

मुलगी नाडी मोजत राहिली. मॅडमनी जरा वेळाने दुसरा हातही चादरीबाहेर काढला आणि माझ्या दिशेने पुढे केला. मी धरणारच होते, पण थांबले आणि आधी बेसिनकडे गेले.